तोंडावर बोट

वस्तीतल्या बालवाडीचं नाव होतं ते शांततेसाठी. बाई दारात उभ्या राहून एकदाच म्हणत, "हाताची घडी, तोंडावर बोट," की टाचणी पडली तरी ऐकू यावी. शेजारच्या वर्गांना त्यांचं उदाहरण दिलं जाई.

एक मुलगी नवी आली तेव्हा तिची टकळी थांबायची नाही, म्हणून सगळे तिला पोपटच म्हणत. खिडकीत चिमणी का बसली, बाईंच्या चपलेचा अंगठा कसा तुटला, सगळ्यावर तिचं मत. आई इस्त्रीच्या दुकानात कामाला. दुपारी पोर तिथंच टेबलाखाली बसे. काही महिन्यांत बाईंनी तिला वळण लावलं.

"उपकार झाले, बाई," आई म्हणाली. "आता दुकानात हूं की चूं नाही. मालकाची कटकटच संपली."

बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग पहिलीत कोण जाणार ते ठरवायला तपासनीस आल्या. चित्र दाखवायचं, मुलानं बोलायचं, एवढीच परीक्षा. जो बोलणार नाही तो आणखी एक वर्ष बालवाडीत.

पोपटपुढे इस्त्रीचं चित्र आलं. तिनं चित्राकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि बोट ओठांवर नेलं.

"भाषा कच्ची दिसते," तपासनीस म्हणाल्या.

"कच्ची? अहो मॅडम, हिला आम्ही उगाच पोपट म्हणायचो का?"

"म्हणायचात. आता?"

बाई पोरीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "बोल ना गं राणी. कुणी रागावणार नाही."

पोपट त्यांच्या कानाशी लागली. "इस्त्री आहे. लाल दिवा लागला की तापते. आईचा हात भाजला ना, तरी मी ओरडले नाही. मी शहाणी ना, बाई?"

"काय म्हणाली?"

बाईंनी सगळं मोठ्यानं सांगितलं.

"छान बोलते," तपासनीस म्हणाल्या. "पण बोललात तुम्ही. मला तिचं ऐकू यायला हवं."

"पोपट, मॅडमना सांग. मोठ्यानं."

पोरीनं नकारार्थी मान हलवली.

"चूक माझी आहे, मॅडम. तिचं वर्ष कशाला घालवता?"

तपासनीसांनी चित्र बदललं आणि पुढच्या मुलाला हाक मारली. पोपट जागेवर जाऊन बसली. 'मी शहाणी ना?' याचं उत्तर तिला अजून मिळालं नव्हतं. ती बाईंकडे बघत राहिली, निमूट.