एकाच माइकवर दोघं

सोमवारी यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणजे पुढे आवाज नाही. म्हणून आमची लेक ऋता शनिवारीच इंदूरहून माइक घेऊन आली. ती तिथे रेडिओवर काम करते. बाबांचा आवाज साठवून ठेवायचा, एवढंच तिच्या डोक्यात. माझ्या डोक्यात तेवढंही नव्हतं.

आल्या आल्या तिनं फ्रिज आणि पंखा बंद केला. जवळच्या नानाखेडा स्टँडवरच्या बसचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून खिडकीवर माझी चांगली भैरवगढची छापील रजई टांगली. मी कुरकुरले, तर म्हणाली, उघड्या भिंतींवर आवाज घुमतो, जाड कापड तो शोषून घेतं. मग यांची शिकवणी. माइकपासून वीतभर लांब बसायचं, तोंड जरा तिरकं ठेवायचं, नाहीतर प आणि फ माइकवर धाडकन आदळतात. आणि मला हुकूम, अगदी गप्प बसायचं.

आता गंमत बघा. आमच्या मराठी समाजाच्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षं हेच निवेदन करायचे. माइक दिसला की यांच्यात पुण्याचा कोणीतरी शिरतो. ताठ बसले, खाकरले आणि 'उपस्थित रसिकहो' म्हणून सुरू. घरात 'चहा बनून राहिला का' विचारणारा माणूस 'कृतार्थ' आणि 'ऋणानुबंध' बोलायला लागला. ऋतानं हेडफोन माझ्या कानांना लावला. आवाज स्वच्छ होता, पण माझ्या नवऱ्याचा नव्हता. मला इतका राग आला, आणि भीतीही वाटली, की तो हुकूम गेला चुलीत.

"अहो, भाषण कोणाला देऊन राहिलात?" मी म्हटलं. "टावर चौकात मला पहिल्यांदा पानी-पताशे खाऊ घातलेत, ते सांगा. अर्ध्या पुऱ्या तर तुम्हीच खाल्ल्यात."

"झूठ," हे म्हणाले. "तुलाच तिखट लागलं होतं. नाक पुसायला माझा रुमाल घेतलास, तो अजून दिला नाहीस."

मग काय, आम्ही मनसोक्त भांडलो. रुमालावरून माझ्या माहेरावर गेलो, तिथून यांच्या स्कूटरवर. ऋतानं मधे टोकलं नाही. संपल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला होता. एकाच माइकवर दोघांचे आवाज एकमेकांवर पडले होते, ते नीट वेगळे करता येणार नव्हते. एकदा परत करू या, आईनं गप्प बसावं, असं ती म्हणाली.

"राहू दे," हे म्हणाले. "हिच्याशिवाय मी बोललोय कोणाशी?"

मी उठून फ्रिज चालू करायला गेले आणि तिथेच उभी राहून रडले.

ऑपरेशन नीट झालं. आता दुपारच्या चहानंतर हेच फोनवर ते रेकॉर्डिंग लावतात. यांचं 'झूठ' आलं की मी अजूनही भांडते. हे समोर बसून खांदे हलवत हसतात. कधी मला एखादं नवंच उत्तर सुचतं, तेव्हा हे रेकॉर्डिंग थांबवतात आणि माझं बोलून होईपर्यंत वाट बघतात.