पेशींनाच ऐकू येणारा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी काचेची डबी आहे. पनवेलच्या एका कॉलेजात, मागच्या कपाटाच्या खालच्या फळीवर बसून असते. अंगावर धूळ आहे म्हणून नाक मुरडू नका. एके काळी भलेभले माझ्यापुढे वाकून बघत होते.

माझे माहेर साधेच. माझ्या एका भिंतीला पांढरी चकती चिकटवलेली आहे. ती आधी एका हाडांच्या डॉक्टरकडच्या यंत्रात म्हाताऱ्यांचे गुडघे शेकायची. यंत्र भंगारात निघाले तेव्हा माधुरीने ती मागून आणली. काच कापून दिली कृष्णकांतने. तो माशांच्या टाक्या बनवायचा. एवढ्याशा टाकीत कुठला मासा राहणार, असे त्याने विचारले. डोळ्यांना न दिसणारा, असे म्हणून माधुरी मला पदराखाली घेऊन निघाली.

ही माधुरी जवळच्या नेरे गावची मुलगी. कॉलेजात संशोधन करायची. बोलायला कमी, पण एकदा धरलेले काम सोडायची नाही.

आता माझे काम ऐका. मी काही शिकलेली नाही, कानावर पडले तेवढे सांगते. वीज दिली की माझी चकती थरथरायची. तिचा आवाज इतका चढा, की माणसाला सोडाच, कुत्र्यालाही ऐकू येत नसे. तो पाण्यातून पलीकडच्या काचेवर आपटायचा आणि माघारी फिरायचा. जाणाऱ्या आणि येणाऱ्या लाटा एकमेकींत अडकून उभ्या राहायच्या. मधे ज्या शांत जागा उरायच्या, तिथे पेशी जाऊन बसायच्या. पावाच्या खमिरातल्या असोत की रक्तातल्या, गढूळ पाण्यात बघता बघता रेघा उमटायच्या. ना जाळी, ना सुई, ना पेशीला ओरखडा. शेजारी पेशी गरगर फिरवून तळाला दाबणारे मोठे यंत्र होते. त्याची घरघर अख्ख्या मजल्याला ऐकू जायची. माझा आवाज फक्त पेशींना ऐकू यायचा, आणि मला तेवढे पुरे होते.

तिथे गुणाबाई भांडी धुवायची. खाडीकाठच्या जासई गावची, घरची होडी असलेली. पहिल्यांदा रेघा बघितल्या तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमचं माणूस जालं टाकून टाकून दमतं, तवा कुठं मासली गावते. तुमची डबी बसल्या जागी गोला करते, बाय." माधुरी पोटभर हसली. तेव्हापासून गुणाबाई मला पोरीसारखी जपू लागली. माझ्यावर कुणाचे बोट उमटलेले तिला खपत नसे.

मित्रांनो, माझी एकच गरज होती, पाणी. पोटात पाणी नसताना मला चालवले, तर थरथर जायला वाट उरत नाही. चकती तापते आणि फुटते. म्हणून माधुरी रोज संध्याकाळी मला भरून ठेवायची. का, ते तिला ठाऊक होते. गुणाबाईला कुणी सांगितलेच नव्हते.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मुंबईहून मोठी माणसे मला बघायला येणार होती. रेघा दिसल्या तर माधुरीचे काम पुढे चालणार, नाहीतर खोली बंद. घरी लग्नाची घाई चालली होती. वडिलांनी तिला तेवढीच मुदत दिली होती.

खंडेनवमीला सगळी यंत्रे पूजेला मांडली. माधुरी पेढे आणायला बाजारात गेली. गुणाबाईने मला उचलले. पोटात कालचे पाणी. पूजेच्या वस्तूत शिळे पाणी कसे ठेवायचे? तिने ते ओतून टाकले आणि धुवट फडक्याने मला आतून-बाहेरून कोरडी केली. हळद-कुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले. इतकी देखणी मी कधीच दिसले नव्हते.

मग विभागाचे प्रमुख गुरुदत्त सर आले. पूजा झाली की यंत्र चालवायचे, ही रीत. त्यांनी माझे बटण दाबले.

मी ओरडले, मित्रांनो. जिवाच्या आकांताने ओरडले. पण माझा आवाज माणसाला ऐकू येतो कुठे? सगळे हात जोडून उभे होते. तेवढ्यात टक् झाले. माझा तेवढाच एक आवाज माणसांनी ऐकला.

माझी बनावटच कच्ची, असे म्हणून सर निघून गेले. मोठ्या माणसांना बोलायला काय लागते!

माधुरी पेढ्यांचा पुडा घेऊन दारात थबकली. "हिच्यातलं पाणी कुठे गेलं?" तिने विचारले. गुणाबाई म्हणाली, "मीच सुकवली तिला, बाय."

माधुरी खाली बसली. तडकलेल्या चकतीवर बोट फिरवत म्हणाली, "तुम्हाला मी कधी सांगितलंच नाही, गुणाबाई."

नवी चकती लगेच मिळण्यासारखी नव्हती. पाहुणे आले, गढूळ पाणी बघून चहा पिऊन गेले. खोली टायपिंगच्या वर्गाला दिली. माधुरी लग्न होऊन दूर गेली, तिने पुन्हा पेशींचे काम केले की नाही, मला कळले नाही.

गुणाबाई मात्र राहिली. दर खंडेनवमीला मला बाहेर काढायची, कुंकू लावायची आणि ताज्या पाण्याने काठोकाठ भरायची. आता त्याचा काही उपयोग नाही, हे तिला कुणीतरी सांगितले होते. तरी भरायची. नोकरी संपली त्या दिवशीही भरून गेली. ते पाणी केव्हाच आटले.

बाळांनो, वस्तू पुसा, पुजा, माझी ना नाही. पण तिला काय लागते ते आधी विचारा. आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर तिला पुसणाऱ्या हातांनाही सांगा. आम्ही ओरडलो तरी तुम्हाला ऐकू येत नाही.