हा संगणक खासगी आहे

आमची कंपनी कुलपं बनवते. त्यामुळे आमच्या ऑफिसात ज्याला कडी बसते त्या प्रत्येक गोष्टीला कुलूप आहे. खणाला आहे, कपाटाला आहे, पाण्याच्या पिंपालाही आहे. माणूस येण्याआधी त्याचा किल्ल्यांचा जुडगा ऐकू येतो. माझ्या खुर्चीवर आधी जो होता, त्याला खण उघडा टाकून जेवायला गेल्याबद्दल काढून टाकलं. खणात फक्त एक कंगवा होता. तो कंगवा पुरावा म्हणून कपाटात ठेवलाय आणि त्या कपाटाची किल्ली विभागप्रमुखांच्या कमरेला आहे.

विभागप्रमुखांना आम्ही पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की बोलणं संपतं.

मी तक्रार विभागात होतो, पण अजून कायम झालो नव्हतो. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते महिनाअखेरीला ठरणार होतं. आईने मात्र मी कायम झाल्याचं सगळ्या नातेवाइकांना कधीच सांगून टाकलं होतं. म्हणजे आता प्रश्न फक्त कंपनीला पटवण्याचा होता.

अशात आत्या पडली. स्टुलावर चढून पंखा पुसत होती. पंखा चालू होता की बंद, हे ती ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवते. पाय प्लास्टरमध्ये गेला. तिला मूलबाळ नाही. भाचे पुष्कळ आहेत, पण बाकीचे सगळे कायम नोकरीवाले. एकमताने माझं नाव निघालं.

मी पूर्णविरामांना विचारलं, की काही दिवस आत्याकडून काम केलं तर चालेल का.

"मेल ब्राउझरमध्ये उघडतं," ते म्हणाले.

ही परवानगी होती की माहिती, ते विचारायला वाव नव्हता. मी बॅग भरली.

आत्याच्या घराला कुलूप नाही. दार वाऱ्याने उघडू नये म्हणून फटीत वर्तमानपत्राची घडी सरकवलेली असते. चोरासाठी वेगळी सोय नाही. मी एकदा आमच्या कंपनीचं एक चांगलं पितळी कुलूप तिला भेट दिलं होतं. ते आत्या उशाशी पडलेली पातळ पुस्तकं पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवते.

"कुलूप लावलं की किल्ली सांभाळा," ती म्हणते. "मी एकटी बाई, कुणाकुणाला सांभाळू?"

तिचा संगणक बाहेरच्या खोलीत, पलंगाला लागून असलेल्या टेबलावर होता. त्यावर ती पत्ते खेळायची, आणि जिंकायला लागली की संगणकाची कीव येऊन मध्येच सोडून द्यायची. मी ब्राउझर उघडला आणि कंपनीच्या मेलचा पत्ता टाकला. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. खाली दोन पर्याय होते. एक, हा संगणक सार्वजनिक आहे. दुसरा, हा संगणक खासगी आहे. सार्वजनिक म्हटलं तर हात जरा थांबला की मेल आपल्याला बाहेर काढतं आणि पुन्हा सगळं टाकायला लावतं. खासगी म्हटलं तर दिवसभर आत राहू देतं.

मी आजूबाजूला पाहिलं. खोलीत मी, आत्या आणि तिचं प्लास्टर. मी खासगीवर टिचकी मारली.

आमच्या घराण्यात खासगी असं काही नसतं, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. माझी दहावीची गुणपत्रिका माझ्याआधी आत्याने पाहिली होती.

काम सोपं होतं. लोक लिहायचे की कुलूप उघडत नाही. त्यांना कंपनीने मंजूर केलेलं एकच उत्तर जायचं : आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, कृपया किल्लीवरील क्रमांक कळवावा. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांची किल्लीच हरवलेली असायची, त्यामुळे पुढे सहसा काही घडत नसे. विभागाचा कारभार असा वर्षानुवर्षं सुरळीत चालला होता.

सकाळी मी उत्तरं द्यायचो. दुपारी स्वयंपाकघरात जाऊन भांडी, कणीक आणि आत्याने पलंगावरून ओरडून सांगितलेल्या सूचना, या क्रमाने सगळं हाताळायचो. पहिले काही दिवस सूचना फार होत्या. मग कमी झाल्या. मला वाटलं, मी तयार झालो.

एका दुपारी कुकरची शिटी व्हायची वाट बघत बाहेर आलो, तर आत्या चष्मा लावून, पाय उशीवर ठेवून टंकत होती.

"काय करतेयस?"

"तुझं काम. तू कुठे करतोस?"

मी वाकून पाहिलं. माझं मेल उघडं होतं. पाठवलेल्या पत्रांच्या रकान्यात, माझ्या नावाने, माझ्या पदासकट, भरपूर पत्रं होती. मी पहिलं उघडलं. कुणीतरी लिहिलं होतं की गोदामाचं कुलूप अडकलंय. उत्तर होतं : आधी थोडं तेल सोडा. नाही उघडलं तर शांत बसून विचार करा, की आत गेल्या वर्षभरात तुम्हाला काय लागलं. काही आठवत नसेल तर राहू द्या बंद.

दुसऱ्याने विचारलं होतं की मुख्य दारासाठी आमचं कोणतं कुलूप चांगलं. उत्तर होतं : शेजारीण कशी आहे? चांगली असेल तर कुलपाची गरज नाही. वाईट असेल तर उपयोग नाही.

आतून शिटी झाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"आत्या, ही कुलपाची कंपनी आहे."

"मग? खोटं लिहू?"

"माझ्या नावाने लिहितेयस तू."

"माझ्या नावाने लिहिलं तर त्यांना कळेल का मी कोण ते?" ती शांतपणे म्हणाली. "आणि ओरडू नकोस, ढब्बू. माझा पाय ठणकतो."

ढब्बू म्हणजे मी. वजनाशी संबंध नाही. लहानपणी नाव पडलं आणि मी ते पुढे कधी भरून काढलं नाही.

खालची पत्रं वाचत गेलो तर एका ग्राहकाशी तिचा नुसता पत्रव्यवहार नव्हता, घरोबा होता. त्याची पहिली तक्रार अगदी कोरडी होती : कपाटाचे कुलूप उघडत नाही, कार्यवाही व्हावी. आत्याने विचारलं होतं, आत काय आहे? दुसऱ्या दिवशी जे उत्तर आलं ते जणू वेगळ्याच हाताने लिहिलेलं. आत बिस्किटांचा डबा आहे, असं त्यात होतं. साखर वाढली म्हणून जावयाने बंद केलाय. किल्ली कमरेला लावून फिरतो. झोपतानाही काढत नाही, मुलगी म्हणते खुळखुळ ऐकून झोप लागत नाही.

आत्याने लिहिलं होतं : जावयाला समोर बसवून स्वच्छ विचारा, की माझी साखर वाढलीय की तुमचा रुबाब. मग तिकडून हसल्याचं पत्र. मग आत्याच्या पायाची चौकशी. मग प्लास्टरच्या आत खाज सुटली तर विणकामाची सुई घालावी की पट्टी, यावर बरीच चर्चा.

"हे ग्राहक कोण आहेत?"

"बाई आहे. बिचारी. जावई लेकीच्या घरी ठेवून घेतो आणि बिस्किटं मोजतो."

मी मेलमधून बाहेर पडलो. पुन्हा आत शिरून पासवर्ड बदलला, आणि आत्याचं तोंड भिंतीकडे झालं. जेवताना ती प्लास्टरशी बोलली, माझ्याशी नाही.

माझा हिशोब साधा होता. कुणाला कळलं नाही तर मी वाचलो. कळलं, आणि ती पत्रं मी लिहिली असं ठरलं, तर कुलूप कंपनीत बसून लोकांना कुलूप लावू नका सांगितल्याबद्दल गेलो. मी लिहिली नाहीत असं ठरलं, तर मेल उघडं टाकल्याबद्दल गेलो. आणि उघड्या मेलात तर कंगव्यापेक्षा पुष्कळ माल होता.

दुसऱ्या दिवशी पूर्णविरामांचं मेल आलं. त्यात लिहिलं होतं : दुपारी व्हिडिओवर या.

मी इस्त्रीचा शर्ट घातला. खाली घरातली विजार तशीच ठेवली, कारण नोकरी गेली तर निदान अर्धे कपडे बदलायचा त्रास वाचेल. आत्या पलंगावर होती. मी तिला सांगितलं, की एक शब्द बोलायचा नाही.

"माझं तोंड कालपासून बंदच आहे," ती म्हणाली. "तू कुलूप लावलंयस."

ब्राउझरच्या एका चौकटीत पूर्णविराम उगवले. तेही घरीच होते. मागे एक बंद कपाट, कपाटाला आमच्या कंपनीचं कुलूप, आणि बाजूला एक पडदा.

"ही पत्रं," ते म्हणाले आणि थांबले. समोरच्या कागदावरून वाचू लागले. "शेजारीण चांगली असेल तर कुलपाची गरज नाही."

मी मान हलवली. सहमतीची नव्हती, पण चौकटीत तशी दिसली असावी.

"नव्या माणसाची परीक्षा म्हणून मी स्वतः ग्राहकाच्या नावाने एक तक्रार पाठवतो," ते पुढे म्हणाले. त्यांनी इतकं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "कपाटाचं कुलूप. किल्लीवरचा क्रमांक विचारणं अपेक्षित होतं. आपण विचारलंत, आत काय आहे."

माझ्या मागे पलंग करकरला.

"त्यापुढचा पत्रव्यवहार मी काल वाचला," पूर्णविराम म्हणाले. "जावयाला समोर बसवून स्वच्छ विचारा, की माझी साखर वाढलीय की तुमचा रुबाब." त्यांनी हे ज्या आवाजात वाचलं त्याच आवाजात ते सुट्ट्यांची यादी वाचतात. "ही सगळी उत्तरं आपणच लिहिलीत?"

उत्तर कोणतंही दिलं तरी मी जाणारच होतो. आता फक्त कोणत्या दाराने एवढंच निवडायचं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मागच्या कपाटाकडे पाहिलं. मग त्यांच्या कमरेशी खुळखुळलेल्या जुडग्याकडे. आणि परीक्षा त्यांनी पाठवली होती, पण डबा बिस्किटांचा आहे हे काही त्यांनी लिहिलं नसणार, एवढं माझ्या डोक्यात शिरलं. आमच्या ऑफिसात डोकं कुलूपबंद ठेवायची सवय लागते, त्यामुळे वेळ लागला.

"हो साहेब, मीच," मी म्हणालो. "आणि त्या ग्राहकाची पत्रं? पहिल्यानंतरची? ती आपणच लिहिलीत?"

पूर्णविरामांनी कागद सरळ केला. सरळच होता. पुन्हा केला.

तेवढ्यात त्यांच्या मागचा पडदा हलला.

"अहो जावईबापू, तोच का तो मुलगा? विचारा ना, पाय कसा आहे म्हणून."

"सासूबाई, मी कामात आहे," पूर्णविराम मागे न वळता म्हणाले.

"तुमच्याच कामाचं विचारतेय मी."

"ठणका कमी आहे," माझ्या मागून आत्या म्हणाली. "सुई नको, पट्टीच बरी पडली."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"डबा मिळाला का?"

"कुठला मिळतोय? समोरच बसलाय, तुम्हीच विचारा त्याला."

पूर्णविरामांनीही घरच्या संगणकावर खासगीवर टिचकी मारली होती आणि पुढे सासूबाई तिथे बसल्या होत्या, हे मला कळलं होतं. मला कळलंय, हे त्यांना कळलं होतं. त्यांनाही कुणीतरी वरचं होतं आणि त्या वरच्याच्या कमरेला आणखी मोठा जुडगा होता.

"हो," पूर्णविराम अखेर म्हणाले. "मीच लिहिली. परीक्षेचा भाग होता."

"मला वाटलंच साहेब. फार सखोल परीक्षा होती."

"आपण पास आहात."

चौकट बंद झाली. बंद होता होता मागून किल्ल्यांचा आवाज आला, कपाट उघडल्यासारखा. खात्री देत नाही. आवाज तुटक येत होता.

महिनाअखेरीला कायम झाल्याचं पत्र आलं. आईला सांगितलं तर म्हणाली, ते जुनं झालं, आता बढतीचं बघ. पत्राखाली एक ओळ होती की सध्या ज्या संगणकावरून काम चालू आहे त्यावरूनच ते चालू ठेवावं. कारण दिलं नव्हतं. पूर्णविरामांच्या घरातून मागणी आली असावी.

आत्याचं प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहे. आत्या म्हणाली, डॉक्टरांचा पाय असेल.

मी मेलच्या पानावर गेलो. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. दोन पर्याय समोर होते. या वेळी मी खरं काय ते निवडलं : हा संगणक सार्वजनिक आहे. मग नवा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून तिच्या उशाशी, त्या पितळी कुलपाखाली ठेवला, आणि कणीक भिजवायला आत गेलो.

"ढब्बू," थोड्या वेळाने बाहेरून हाक आली, "मला परत बाहेर काढलं रे याने."

"हात चालू ठेव," मी म्हणालो.