चित्रातला माड

सिदोनीच्या डोक्यावरून आजवर काय काय गेलं नव्हतं? कोको, केळी, रमचे बुधले, एकदा तर एका मडमेचा आरसा. बेटावरच्या कार्बे गावाहून सेंट-पिएरच्या बंदरापर्यंत ती ओझी घेऊन अनवाणी जायची, आणि थेंबही सांडायचा नाही. पण त्या सकाळी फ्रेंच चित्रकाराचं चित्र पाहिलं आणि तिनं डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली.

"हे मी उचलणार नाही," ती म्हणाली.

चित्रकार चार महिने वरच्या झोपडीत राहत होता. तापात त्याला काढा तीच करून द्यायची. चित्र आजच्या बोटीनं फ्रान्सला जायचं होतं. त्याला वाटलं, हीसुद्धा रंगांवरून बिचकली. कालच वाटेवरच्या बाया हसून गेल्या होत्या. त्यांच्यातल्या ऑर्तांसनं तर विचारलं होतं, माती गुलाबी झाली ती तापानं की रमनं? पण सिदोनी म्हणाली, रंग बरोबर आहेत. संध्याकाळी ओझं टाकून परतताना उतार असाच दिसतो.

"पण इथला माड कुठं गेला?"

तो मधोमध येऊन समुद्राचे दोन तुकडे करत होता, म्हणून गाळला, असं त्यानं समजावलं. चित्रात हे चालतं.

"तुमच्यात चालत असेल, मस्ये. त्या माडाखाली माझ्या फिलेमाँची नाळ पुरलीय."

फिलेमाँ तिचा एकुलता एक. पनामाला कालवा खणायला गेला, त्याला दोन वर्षं झाली. एक निरोप आला, नंतर काहीच नाही. बाया समजूत घालायला आल्या की ती माडाकडे बोट दाखवायची. माड हिरवा आहे ना? मग पोर आहे.

"बोट फ्रान्सला जातेय, पनामाला नाही," तो हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे. कुठंही जाऊ दे. माड तोडलेली जमीन मी डोक्यावर घेणार नाही."

तो चित्रापाशी बसला. मग रंग कालवू लागला. झोपडीतून माड दिसत नव्हता; तो सरळ आहे ना, त्यानं विचारलं.

"समुद्राकडे जरा कललेला. फिलेमाँही तसाच चालतो."

समुद्राचे दोन तुकडे झाले. खोड निळं झालं, त्यालाही तिची हरकत नव्हती. फक्त न राहवून तिनं बोट लावलं, आणि ओल्या खोडावर ठसा उठला. ती ओशाळली. त्यानं पुसायला कुंचला उचलला, जरा थांबला, आणि खाली ठेवला.

चित्र आता गुंडाळता येईना. फळीवर उताणं ठेवून तिनं ते डोक्यावर घेतलं. जाता जाता माडापाशी थबकली आणि बोटावरचा निळा रंग त्याच्या खोडाला पुसला.

उतारावर ऑर्तांस मागून आली आणि पुढं निघून जाताना म्हणाली, "अगं, बोट चुकेल. एवढं काय जपतेस?"

"ओलं आहे गं," सिदोनी म्हणाली, आणि आणखी हळू चालू लागली.