छायादानाचं तेल

गेल्या शनिवारी आम्ही घरच्या चौघांनी ज्या तेलात चेहरे पाहिले ते तेल गाडीचं इंजिन जाळतंय, आणि ते जसजसं कमी होतंय तसतसे आमचे चेहरे जातायत.

छायादानाला खरं तर तिळाचं तेल लागतं. वाडग्यातल्या तेलात आपलं तोंड बघायचं आणि ते तेल शनिमहाराजांना वाहायचं. त्या दिवशी तिळाचं तेल संपलं होतं. ह्यांनी नव्या गाडीबरोबर आलेला इंजिन ऑइलचा कॅन काशाच्या वाडग्यात उपडा केला.

"तेल ते तेल. उलट हे महागातलं आहे."

आधी मामंजींनी पाहिलं, मग ह्यांनी, मग मी. शेवटी शाल्मलीने. ती नऊ वर्षांची आहे. तिने तेलाला जीभ काढून दाखवली.

देवळाच्या वाटेवर गाडीत तेलाचा पिवळा दिवा लागला. ह्यांनी बॉनेट उघडलं आणि वाडगा इंजिनात रिकामा केला. म्हणाले, "देवाला पुढच्या शनिवारी."

सोमवारी मामंजींचा चेहरा गेला. पूजेतल्या सुपारीसारखा गुळगुळीत झाला. कप वर नेला की त्यातला चहा कमी होतो, त्यामुळे उपाशी राहत नाहीत.

"चला," ते म्हणाले, "लग्नाकार्यात तोंड दाखवायची कटकट मिटली."

बुधवारी ह्यांचा गेला. हे अजून रोज सकाळी दाढीचा साबण फासतात.

"अहो, गाडी काढू नका," मी म्हटलं.

"टर्बो गाडी काय दारात रांगोळीसारखी बघायला घेतली?" हे म्हणाले आणि हायवेला गेले. शंभराच्या पुढे ती जास्त तेल पिते. ते कराडपर्यंत पोचले असतील तेवढ्यात माझी हनुवटी गेली. परत आले तेव्हा नाकही नव्हतं. शुक्रवारी देवीपुढे बसून मी कुंकू अंदाजाने लावलं.

आता इंजिनात फक्त शाल्मलीच्या वाट्याचं तेल होतं. किल्ली मी देवघरात, शाळिग्रामाच्या ताम्हनाखाली ठेवली.

शनिवारी तेल वाहून होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाच्या आधीपासूनचा नेम आहे. मी रिकामा वाडगा ह्यांच्यासमोर ठेवला आणि शाल्मलीकडे बोट दाखवलं. ती खिडकीत बसून पेरू खात होती. तिच्या पुढच्या दातांत फट आहे. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग दाढीचा साबण पुसला आणि म्हणाले, "ढकलत नेऊ. सर्व्हिस सेंटरला."

शाल्मलीला स्टिअरिंगवर बसवलं. हे आणि मामंजी मागून, मी बाजूने, एका हातात वाडगा.

"काय हो, नवी कोरी गाडी आणि ढकलगाडी?" कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला ओरडला.

"व्यायाम!" मामंजी म्हणाले.

आरशात शाल्मलीचा चेहरा सबंध दिसत होता. मी नजर हलवली नाही.

सर्व्हिस सेंटरचे मेकॅनिक कुडचे, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"तेल पिते म्हणता? हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत नॉर्मल धरतात, साहेब. ह्या इंजिनांचं असंच असतं."

"सगळं काढा," हे म्हणाले. "ह्या वाडग्यात."

"काढतो की. आधी लेव्हल बघू दे."

त्यांनी बॉनेट उघडलं आणि तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. पट्टीच्या टोकाला, खालच्या खुणेच्याही खाली, तेलाचा पातळ सोनेरी पापुद्रा होता. त्यात दोन डोळे होते, दातांतली फट होती, बाहेर काढलेली जीभ होती. मी वाडगा पट्टीखाली धरायला पुढे झाले. कुडच्यांनी खिशातून फडकं काढलं.

"थांबा!" मी म्हणाले.

हे आणि मामंजी माझ्याकडे वळले. शनिवारी तेल वाहण्याआधी माझा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"वहिनी, पहिलं रीडिंग खरं नसतं," कुडचे समजुतीने म्हणाले. "पुसायचं आणि मग परत घालायचं."

त्यांनी तोवर पुसलं होतं. पट्टी परत आत घातली, बाहेर काढली, उजेडात धरली. कोरडी होती.

"बघा. काहीच नाही."

गाडीतून हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. मी मागे वळले नाही. कुडच्यांनी फडक्याची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. घडीतून जीभ बाहेर आली होती.