शंभरातले नऊ

"ताई, सरांना कशाला सांगताय? चार दिवसांचे सोबती ते. आनंदात जाऊ देत की," शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर म्हणाला.

ताई पडद्याकडे बघत राहिल्या. सिलिकॉनच्या, केसाहून कितीतरी बारीक अशा दोन पट्ट्या. एकीतला प्रकाश दुसरीत न सांडता कसा जाईल, हे चिप बनण्याआधी संगणकावर चालवून बघायचं, ही त्यांची बावीस वर्षांची नोकरी. पट्ट्यांची ही रचना सरांची. निवृत्त झाले, अंथरुणाला खिळले, तरी तिचा ध्यास सुटला नव्हता. गेल्या आठवड्यात ताईंनीच हॉस्पिटलात जाऊन सांगितलं होतं, "सर, शंभरातला एकच भाग वाया जातो." सरांनी मग नर्सपासून शेजारच्या खाटेवरच्या ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांना तो आकडा ऐकवला.

आज कारखान्याला आराखडा धाडताना चूक सापडली. संगणकात पट्ट्यांभोवती आखलेल्या चौकटीच्या कडांना प्रकाश गिळणारा थर द्यावा लागतो. डावी कड तशीच राहिली होती. सांडलेला प्रकाश तिथं आपटून परत येत होता आणि पोचलेल्यात मोजला जात होता. थर दिला, तर शंभरातले नऊ वाया.

"आराखडा तुम्ही दुरुस्त करणारच. मग त्यांच्या तोंडचा घास कशाला काढायचा?"

"मला त्यांनी कधी खोटा आकडा दिला नाही रे," म्हणत ताईंनी पर्स उचलली.

हॉस्पिटलात सरांची बायको दारातच हसली. "ये गं. दोन घोट पाणी जेमतेम जातंय. तुझ्या आकड्यावरच जगताहेत."

"काकू, जरा आत जाते," एवढंच ताई म्हणाल्या. खाटेपाशी बसल्या आणि एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. "सर, डाव्या कडेला थर द्यायचा राहिला. चूक माझी. नऊ जातात."

सरांनी डोळे मिटले. ट्रकवाल्यानं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

"आजच सांगायचं होतं?" काकूंचा आवाज फाटला. "वैरीण आहेस का गं माझी?"

सरांनी बोट हलवून बायकोला थांबवलं. "पट्टी निमुळती होते ना... तिथं घाई झालीय. उतार लांबव. दुप्पट." एवढ्यालाही बराच वेळ लागला. पुढचं ओठांतच राहिलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे सर गेले. काकू ताईंशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताईंनीही मान खाली घालून ते सोसलं, आणि ऑफिसात येऊन उतार दुप्पट केला.

पंधरवड्यानं काकूंचा फोन आला.

"आकडा आला का गं?"

"आला, काकू. तीन जातात."

"तीन." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "नीट तपासलंस?"

"चारदा तपासलं."

"हं," काकू म्हणाल्या. "त्यांनी विचारलं असतं, म्हणून विचारलं."