गालाचा प्रयोग

दर रविवारी सकाळी छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये चांगली शिकलीसवरलेली माणसं एकमेकांच्या थोबाडीत मारायला जमत, आणि त्याला ती तत्त्वज्ञान म्हणत.

हे खूळ काढलं होतं एका शास्त्रज्ञाने. उभी हयात त्याने प्रयोगशाळेत लोखंड तोडण्यात घालवली होती. पुलाचे बोल्ट, क्रेनचे हूक, असलं काहीबाही यंत्रात धरायचं, ताणायचं, सोडायचं, पुन्हा ताणायचं, आणि अखेर कटकन तुटलं की तो तुकडा भिंगाखाली धरून का तुटला ते सांगायचं. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मग बायको गेली आणि गड्याने प्रयोगशाळा सोडून पुस्तकं लिहायला घेतली. सांगायचा दोनच गोष्टी. पुराव्याशिवाय काही मानू नका, आणि जे आपल्या हातात नाही त्याने हलू नका. पुस्तकं धडाधड खपली. शिष्य त्याला सर म्हणत. गल्लीत मात्र त्याचं नाव थंडोबा पडलं होतं, कारण बायको गेली त्याच संध्याकाळी तो गॅलरीत बसून निवांत पेपर वाचताना सगळ्यांना दिसला होता. आपणही थंडोबाच म्हणू. सर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तर हा गालाचा प्रयोग. एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने समोर उभं राहून हात राखून न ठेवता चापट मारायची. बसलेल्याने फक्त जे घडलं तेवढंच बोलायचं. 'हात आला. गाल तापला.' बस्स. 'मला मारलं' म्हटलं की चूक, कारण मारण्यात हेतू आला आणि हेतूला पुरावा लागतो. 'अपमान झाला' म्हटलं की आणखी मोठी चूक, म्हणून आणखी एक चापट. डोळ्यात पाणी आलं तर तेही स्वतःच्या पदरचं घातलेलं धरत.

या विद्येत जावई सगळ्यांचा बाप होता. पूर्वी शिष्य, मग जावई, पण सासऱ्याला अजून सरच म्हणायचा. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायची नोकरी. एकदा चापट जरा वर लागून त्याच्या नाकाचा घोळणा फुटला, तेव्हा शर्ट लाल होत असताना तो म्हणाला, "नाकातून काहीतरी ओलं येतंय." हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. थंडोबा इतका खूश झाला की त्याने आपणहून मुलीशी त्याची ओळख करून दिली. लग्न ठरल्यावर बहिणीला फोनवर सांगत होता, इतका शांत मुलगा शोधून सापडायचा नाही.

"शांत काय, फ्रीजही असतो," बहीण म्हणाली होती. ती दुसऱ्या गावात टॅक्सी चालवायची आणि तिच्या तोंडाला ब्रेक नव्हता. "माणूस कसा आहे ते सांग ना, दादा."

शनिवारी दुपारी मुलगी बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा, मला इथे राहायचंय."

"किती दिवस?"

"आता इथेच. माझी खोली द्या मला."

थंडोबाने तिला बसवलं, पाणी दिलं, समोर खुर्ची ओढली. "काय झालं ते सांग."

मुलगी भिंतीकडे बघत बोलायला लागली. आवाज सपाट. "जेवताना हात आला. डावीकडून. कान वाजला. अजून वाजतोय. मग मी खाली होते. मग पाय आला. बरगडीवर. मग परत तिथेच."

आणि बापाला काय वाटलं असेल? आनंद वाटला. खोटं कशाला बोलू? पोरगी रडत नव्हती, चिडत नव्हती, एक शब्द पदरचा घालत नव्हती. लहानपणापासून ती त्याच्या तत्त्वज्ञानाला नाक मुरडत आली होती, आणि आज पहिल्यांदा ती त्याच्या भाषेत बोलली होती.

"छान," तो म्हणाला. "छान सांगितलंस."

मुलीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा, तो मला मारतो. कळतंय का? संध्याकाळी आला की खुर्चीत बसवतो आणि तुमचा प्रयोग करतो. रडले की परत. नाही रडले की जोरात. छान काय म्हणताय?"

"आता तू अर्थ लावायला लागलीस," थंडोबा मायेने म्हणाला. मायेनेच म्हणाला, तेवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. "कोणी पाहिलंय हे?"

"बंद घरात कोण पाहणार?"

"मग त्याचं म्हणणंही ऐकलं पाहिजे."

त्याने स्वतः फोन लावून जावयाला बोलावून घेतलं. जावई इस्त्रीच्या शर्टात आला, बूट दारात नीट लावून ठेवले, बसला.

"सर, प्रयोग आम्ही करतो, ते मी नाकारत नाही. तिच्या संमतीनेच करतो. ती बाथरूममध्ये पडली होती. कान वाजतो हा तिचा अनुभव झाला, त्याचं कारण आपल्याला माहीत नाही."

रोज लोकांचे खरे दावे खोटे ठरवणारा माणूस तो, त्याला हे काय जड जाणार? पण थंडोबाच्या मते प्रश्न सरळ होता. दोन माणसं, दोन म्हणणी, साक्षीदार नाही. अशा वेळी शहाण्याने निर्णय राखून ठेवावा. त्याने ठेवला. राखून ठेवायला त्याच्या खिशातलं काय जात होतं? पोरीला मात्र रात्री कुठेतरी पाठ टेकायची होती.

"आणि तुझ्या खोलीत सध्या पुस्तकांचे गठ्ठे आहेत," तो म्हणाला. हेही म्हणाला.

मुलीने बॅग उचलली. जिन्यावर जावयाने तिचं कोपर धरलं तशी ती मानेपासून टाचेपर्यंत ताठ झाली. थंडोबाने ते वरून पाहिलं, आणि एवढ्यावरून काही अनुमान काढता येणार नाही असं मनाशी म्हणून दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी तो हॉलवर जायला निघणार तोच हॉस्पिटलमधून फोन आला. मुलगी बेशुद्ध होती. जावई घराचं दार उघडं टाकून बाहेर पडला होता, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईने तिला जमिनीवर पडलेली पाहून आणून टाकली होती.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला. "या दोन बरगड्या ताज्या आहेत. ही इथली जुनी, सांधत आलेली. ही तिच्याही आधीची. मनगट एकदा मोडून आपलं आपणच जुळलंय, वाकडं. डाव्या कानाचा पडदा फाटलाय, तो कान गेला म्हणा. तुम्ही कोण हिचे?"

"वडील."

"तुमच्या काहीच लक्षात आलं नाही?"

त्याला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. असली चित्रं त्याने जन्मभर वाचली होती. एकाच घावाने तुटलेला तुकडा वेगळा दिसतो, आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा ताण खाऊन, आतल्या आत चिरत जाऊन तुटलेला वेगळा. लोखंडाच्या बाबतीत तो एका नजरेत सांगायचा. इथे त्याची स्वतःची मुलगी काल समोर बसून सगळं सांगत होती आणि त्याने तिला छान म्हटलं होतं.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळे मिटून त्याने नेहमीचं म्हणून पाहिलं, हे माझ्या हातात नाही. पण ते धडधडीत खोटं होतं. काल दुपारी सगळं त्याच्याच हातात होतं. त्याला लाज वाटली. मुलगी औषधाच्या गुंगीत होती. तिच्या उशाशी बसून राहायला पाहिजे होतं. पण तो बसला नाही. तडक बाहेर पडला.

हॉल भरलेला होता. खुर्चीत जावईच बसला होता, अंघोळ करून, भांग पाडून. थंडोबाने समोरच्या माणसाला बाजूला केलं.

"आज मी."

हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. सरांनी स्वतः हात उचलून वर्षं लोटली होती.

जावयाचे हात मांड्यांवर होते. उजव्या हाताची बोटं सुजून टम्म झाली होती.

"हाताला काय झालं?"

"सूज आहे, सर."

"कशाने?"

"कारण खात्रीने सांगता येणार नाही."

थंडोबाने खाडकन थोबाडीत ठेवून दिली. जावयाचं तोंड फिरलं आणि पुन्हा जागेवर आलं. "हात आला. गाल तापला."

पुढची मूठ होती. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तिसरी दातांवर बसली आणि थंडोबाच्या स्वतःच्या बोटांची सालं निघाली. खुर्ची कलंडली, जावई जमिनीवर आला, तसा थंडोबाने बुटाने त्याच्या बरगड्यांवर लाथा घातल्या, एकाच जागी, पुन्हा तिथेच, पुन्हा तिथेच, मोडलं असं आतून कळेपर्यंत आणि कळल्यावरही. मग त्याच्या छातीवर बसून त्याने त्याचं डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि फरशीवर आपटलं. सांगायला संकोच वाटतो, पण त्याला बरं वाटत होतं. बायको गेल्यापासून इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

आणि हॉल? हॉल बसून होता. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. शिकवणच तशी होती. पहिल्या रांगेतले म्हातारे औषधवाले हळूच म्हणाले, "डोकं खाली आलं."

जावयाने एक दात थुंकला. एक डोळा बंद झाला होता, ओठ लोंबत होता. त्या तोंडाने त्याने शब्द जुळवले. "दात... बाहेर आला. बाकी... काही नाही."

मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी थंडोबाचे हात गळाले. त्याने मान वर करून त्या सगळ्या थंड चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तो घसा फाडून ओरडला, "अरे, उठा ना! धरा मला कोणीतरी! मी मारून टाकीन याला!"

कोणी उठलं नाही. शेवटी आरडाओरडा ऐकून खालचे छापखान्यातले दोघे जण धावत वर आले आणि शिव्या घालत त्यांनी त्याला बाजूला ओढला.

दुपारी थंडोबा हॉस्पिटलमध्ये परतला. हात नळाखाली धरायचंही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. वॉर्डच्या दाराशी एक पोलीसबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच ना सासरे? भेटून घ्या आधी. मग माझ्याबरोबर यायचंय."

मुलगी जागी होती. तो पलंगाच्या डाव्या बाजूला बसला आणि भडाभडा बोलत सुटला. चुकलो म्हणाला. आंधळा होतो म्हणाला. त्याला सोडला नाही म्हणाला, नाक फोडलं, दात पाडले, आता तो तुझ्या वाटेला जायचा नाही. बोलता बोलता तो खरोखर रडायला लागला, बायको गेली तेव्हाचंही त्यातच आलं.

मुलगी छताकडे पाहत होती. खूप वेळाने तिला पलंग हलल्यासारखा वाटला असावा. तिने मान वळवली.

"काही बोलताय का? इकडून बोला, बाबा. तो कान गेलाय."

थंडोबा उठून उजवीकडे गेला. आता ते सगळं पुन्हा म्हणायचं होतं. पण तोंडातून एवढंच निघालं, "मी त्याला मारलं."

"माहीत आहे. त्यालाही इथेच आणलंय, खालच्या मजल्यावर. पोलीसबाई सांगत होत्या." तिचा श्वास अडखळत होता, बरगड्या दुखत होत्या. "तुम्ही मारलंत ते अख्ख्या हॉलने पाहिलंय. त्याने मारलं ते कोणी पाहिलं नाही. आता मार खाल्लेला तो झाला."

"मी साक्ष देईन. एक्स-रे आहेत, डॉक्टर आहेत..."

"बाबा, मी तुम्हाला त्याला मारायला सांगितलं होतं का?"

"नाही."

"काय मागितलं होतं मी?"

त्याला आठवत होतं.

"चल घरी," तो म्हणाला. "गठ्ठे आजच्या आज बाहेर फेकतो. मी नसलो तरी किल्ली तुझ्याकडे ठेव. चल, बाळा."

"आत्या निघालीय गाडी घेऊन. मी तिला फोन केला तर, कुठे आहेस, एवढंच विचारलं तिने." मुलीची नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली त्याच्या हातांवर आली. सुजलेली बोटं, सोललेली कातडी, नखांत सुकलेलं रक्त. पांघरुणाखाली ती जराशी पलीकडे सरकली. तेवढ्यानेही कळ आली, तरी सरकली.

"आणि मला आता तुमचीही भीती वाटते," ती म्हणाली.

थोड्या वेळाने टॅक्सीच्या किल्ल्या वाजवत आत्या आली. भावाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. वाकून तिने पलंगाखालून पोरीच्या चपला काढल्या, डॉक्टर कधी सोडतील ते विचारलं, आणि पोरीच्या चांगल्या कानाच्या बाजूला खुर्ची ओढून बसली. थंडोबाने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तो पोलीसबाई बोलवेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिला.